साडेसातचा पांढरा उजेड

४ नोव्हेंबर

शालकमहोदय,

आशीर्वाद मागाहून. आधी फिर्याद.

काल मी डाव्या पायात तपकिरी आणि उजव्या पायात बाटलीसारखा हिरवा मोजा घालून कॉलेजात गेलो. इतकंच असतं तर मी ते पूर्वकर्माच्या खात्यावर टाकून गप्प बसलो असतो. पण तास न्यायशास्त्राचा होता आणि विषय होता प्रत्यक्ष प्रमाण. डोळ्यांनी नीट पाहिलेलं ज्ञान सर्वांत भरवशाचं, इतर प्रमाणं त्याच्यामागून येतात, असं मी हातवारे करून सांगत असताना पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुमचे मोजे." वर्ग हसला. संस्कृतच्या वर्गात हसण्यापुरतीही मुलं उरली आहेत याचा आनंद मानून मी पुढे शिकवलं, पण प्रत्यक्ष प्रमाणाची एवढी जाहीर नाचक्की माझ्या हयातीत झाली नव्हती.

आता आरोपी कोण ते सांगतो. उद्याचे मोजे आदल्या संध्याकाळी काढून ठेवायचे, ही माझी जुनी सवय तुला ठाऊक आहे. तू तिची थट्टाही केलेली आहेस. त्या वेळी खोलीत जो उजेड असतो तो तू पाठवलेला असतो.

आमच्या समोरची टेलिफोन एक्स्चेंजची बंद इमारत तुला आठवत असेलच. तिची रस्त्याकडची बाजू म्हणजे बिनखिडक्यांची, सिमेंटच्या रंगाची, सहा मजली भिंत. कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. नगराचं सौंदर्य वाढवायचं ठरलं तेव्हा तिच्यावर खालून-वरून दिवे सोडले. सात ते दहा भिंत पिवळी होते, नारिंगी होते, गुलाबी, जांभळी, निळी, हिरवी, आणि पुन्हा पहिल्यापासून. खाली एक पाटी लावली आहे. तिच्यावर पुढाऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत आहेत आणि तळाशी, चष्मा कपाळावर चढवून वाकल्यावर दिसेल अशा अक्षरांत, प्रकाशयोजनाकाराचं नाव आहे. मी वाकलो. तुझं नाव वाचलं. या कामासाठी इथे एकदाही पाऊल न टाकता, तिकडे परदेशात बसून, तू आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या रंगवून काढल्यास.

संस्कृत नाटकांत राजाचा मेहुणा हा प्राणी नेहमी उपद्रवी का दाखवतात, याचा उलगडा मला या वयात झाला.

काल दूध जांभळं होतं. परवा मी ते हिरवं प्यायलो. दूध आणि पाणी वेगळं करणारा हंस आमच्या गॅलरीत आणून बसवला तर तोही राजीनामा देईल. खालच्या शिंप्याने निळ्या शर्टाला हिरव्या दोऱ्याची काजं केली. मला सांगत होता, "मास्तर, गिऱ्हाईक म्हणालं, ही नवीन फॅशन का? मी म्हटलं, हो. तर म्हणतं, मग बाकीच्या दोन शर्टांनाही अशीच करा. आता हिरवा दोरा संपलाय!"

तू विचारशील, ट्यूब लावायला काय होतं? तुझी ताई लावू देत नाही. डोळ्यांना टोचते म्हणते. सात वाजले की खुर्ची खिडकीत ओढते, ट्यूब बंद करते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. मी अंधारात नव्हे, पण रंगात चाचपडतो.

तिची तब्येत ठीक आहे, हे वाक्य मी इथे लिहायचं आणि पत्र संपवायचं असं ठरवून बसलो होतो. ते जमत नाहीसं दिसतं. तर ऐक. तिची फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली आहेत. हे बरं होणारं दुखणं नव्हे, सांभाळायचं आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला एक काम नेमून दिलंय: संध्याकाळी, दिवसभराचा शीण चढल्यावर, तिचे ओठ आणि नखं पाहायची. निळसर दिसली की घरात आणून ठेवलेलं ऑक्सिजनचं मशीन लावायचं आणि तिला लगेच दवाखान्यात आणायचं.

आता तूच सांग. तुझ्या भिंतीसमोर बसलेल्या बाईचे ओठ मी कुठल्या रंगाचे समजू?

तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. फोन केला तर दोन खोल्यांच्या घरात ती ऐकणार, म्हणून हे टपालाचे खेळ. उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर पाठव.

तुझा,
तपकिरी-हिरवा भाऊजी

१७ नोव्हेंबर

चिरंजीव,

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं. "भाऊजी, ताईला हे कधीपासून? कुठला रंग नको ते सांगा, काढून टाकतो." पहिली ओळ भावाची, दुसरी धंद्याची. ठीक आहे. दोन्हींची उत्तरं देतो.

सुरुवात खोकल्याने झाली. मग जिना. तुझ्या ताईला मधल्या वळणावरच्या वीजमीटरमध्ये अचानक गोडी वाटू लागली. बाजारातून येताना तिथे थांबायची, मीटरच्या काचेत बघायची आणि म्हणायची, "यांचं बिल फार येत असणार हो." मीही थांबून दुसऱ्याचं बिल पाहत असे. शेजाऱ्यांच्या विजेची आम्ही इतकी काळजी वाहिली, पण ती दम खायला थांबते हे दोघांपैकी कुणी तोंडाने काढलं नाही. मग एकदा ती मीटरपाशी खाली बसली. तेव्हा दवाखाना आला.

रंगांबद्दल म्हणशील तर कुठलाच नको असं म्हणायची माझी छाती नाही, कारण पाटीवरचं नाव मी तिला सांगितल्यापासून ती खिडकीत बसते ती तुझ्यासाठीच. हे ती कबूल करणार नाही. तुमच्या आई गेल्या तेव्हा तू कुठल्याशा बंदरावर दिवे लावत होतास आणि आला नाहीस, त्या दिवशी फोनवर ती तुला म्हणाली, "बस तुझ्या दिव्यांच्या उजेडात." तेव्हापासून या घरात तुझं नाव नाही. तू 'दिवेवाला' आहेस. पण दिवेवाल्यावर तिचं लक्ष असं आहे की परीक्षक म्हणून नेमावी.

परवा म्हणाली, "बघा हं, निळा आला की रस्त्यावरची माणसं हळू बोलतात."

मी म्हटलं, "योगायोग."

"अहो, ऐका तर!"

ऐकलं. भिंत नारिंगी होती तोवर खाली भाजीचा भाव, मोटारींचे भोंगे, शिंप्याचं हसणं असं सगळं चालू होतं. निळं पसरलं तशी माणसं खरोखर आवाज उतरवू लागली. एक बाई मुलाला रागावत होती, ती मध्येच थांबली आणि त्याचा हात धरून चालू लागली. लाल-गुलाबीत पावलं भराभर पडतात. हिरव्यात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, कारण हिरव्यात प्रत्येक जण आजारी दिसतो. तरुण जोडपी जांभळ्याची वाट बघत समोरच्या कट्ट्यावर बसतात, त्यात सगळेच देखणे दिसतात. हे सगळं तिने टिपलंय. "दिवेवाल्याला घाई नाही," ती म्हणाली. "एक रंग पुरता मुरल्याशिवाय दुसरा वाढत नाही. लहानपणी जेवायचाही तसाच. ताटात सगळं असताना एकच पदार्थ आधी संपवायचा."

ती कुणाच्या लहानपणाबद्दल बोलली, हे मी विचारलं नाही.

आता माझी अडचण. तू म्हणशील, बोटाला लावायचा तो चिमटा असतो ना, प्राणवायू मोजणारा? आहे. पण तुझी ताई विसाव्या वर्षी नटली नसेल इतकी आता नटते. नखांना गडद लाल रंग लावते. सुरुवातीला मी थट्टा केली; अलक्तक, लाक्षारस, जुन्या काव्यांतल्या नायिका वगैरे माझा सगळा माल बाहेर काढला. ती म्हणाली, "लावू नको का?" मी म्हटलं, "लाव, लाव." मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्या रंगावरून चिमटा धड आकडा दाखवत नाही, आणि नखंही दिसत नाहीत. घरी येऊन मी तिच्याकडे पाहिलं. ती नखांना रंगाचा दुसरा हात देत होती.

चिमटा मात्र ती रोज लावते. एकदा मी पाहिलं तर आकडा फार उत्तम होता. कारण गप्पा मारता मारता तिने तो माझ्याच बोटाला लावला होता.

राहिले ओठ. ते ती भिंतीच्या स्वाधीन करते. आम्ही वर्गात एक दृष्टान्त शिकवतो: स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली की स्फटिक लाल भासतो. लाली फुलाची, स्फटिकाची नव्हे. फूल बाजूला करा, स्फटिक होता तसा दिसेल. पिढ्यान्‌पिढ्या हे सोपं म्हणून शिकवत आलोत. फूल सहा मजली असलं आणि ते हलवणारा परदेशात असला तर काय करायचं, हे आचार्यांनी लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून मागणं एवढंच. रंग काढू नकोस. रोज साडेसातच्या सुमारास थोडा वेळ भिंत पांढरी कर. नुसती, साधी पांढरी. मी तेवढ्यात बघून घेईन.

तुझा,
भाऊजी

२९ नोव्हेंबर

चि. दिवेवाल्यास,

तू लिहितोस की दिवे आता नगराच्या मालकीचे, वेळापत्रकाला कुलूप, बदल करायचा तर तुझ्याच योजनेसाठी तूच अर्ज करायचा आणि तो तीन टेबलांवरून फिरणार. वाचून बरं वाटलं. मला वाटत होतं की मीच एकटा असहाय आहे.

पुढे तू मला सल्ला देतोस, "जबरदस्तीने ट्यूब लावा ना, भाऊजी." बाळा, तू तुझ्या ताईला ओळखतोस ना? तरीही सल्ला शिरोधार्य मानून गुरुवारी मी उठलो आणि ट्यूब लावली.

तिने झटक्यात शाल तोंडावर घेतली. "काय आहे?"

"काही नाही. चष्मा शोधतोय."

"नाकावर आहे."

"मग पेन."

"अहो, मला काय चौकशीला बसवलंय का चौकीत? दिवा तोंडावर मारून?" मग तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. मी ट्यूब बंद केली. खोकला थांबला तेव्हा भिंत जांभळी होती आणि ती अगदी सुरेख दिसत होती. तिने शाल खाली घेतली. "आता कसं बरं वाटतंय," म्हणाली.

मशीनचीही हकीकत सांगतो. कोपऱ्यात आहे. त्यावर तिने टेबलावरचं भरतकामाचं कापड घातलं, कापडावर कुंडी ठेवली. आलेला माणूस म्हणतो, छान स्टूल आहे. मी एकदा कुंडी उतरवली तर ती म्हणाली, "एकदा ती नळी नाकात गेली ना, की मी खिडकीत बसलेली बाई राहत नाही. पेशंट होते. लोक आवाज बदलून बोलतात. तुम्हीही बदलाल." मी म्हटलं, मी नाही बदलणार. हे मी इतक्या हळू आणि इतक्या गोड आवाजात म्हटलं की ती हसायलाच लागली. "हे बघा, बदलला!"

तू शेवटी विचारलंस, "मी येऊ का?" प्रश्नचिन्ह तुझं आहे, म्हणून उत्तर देणं अवघड. मी तिच्याकडेच आडून विषय काढला. म्हटलं, अमक्याच्या बहिणीचं दुखणं त्याला कळवलंच नाही, हे काही बरं नव्हे. तिने ताबडतोब ओळखलं. म्हणाली, "त्याला कळवलं तर तो येईल. तो आला की मला कळेल, मी किती आजारी आहे ते."

थोड्या वेळाने म्हणाली, "आणि नाही आला, तर त्याहून वाईट."

यावर काही शास्त्रार्थ सुचला तर कळव. मी उठून कुंडीला पाणी घातलं. ते मशीनवर सांडलं, ते पुसलं.

भाऊजी

९ डिसेंबर

प्रिय,

काल झालं. तुझी तीन टेबलं नमली म्हणायची.

साडेसाताला भिंत निळी असते, तशी होती. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. त्या उजेडात वाचता येत नाही, पण धरता येतं. निळं फिकं पडू लागलं. नेहमी त्यानंतर हिरवं उगवतं, ते उगवलं नाही. फिकं होत होत भिंत पांढरी झाली. धुतलेल्या कपड्यासारखी. आणि खोलीतल्या सगळ्या वस्तू एकदम आपापल्या रंगावर आल्या. पडदे मळके निघाले. मला वाटत होतं त्यापेक्षा भिंतीवरचा ओलीचा डाग बराच पुढे सरकलाय.

खाली रस्ता थबकला. नाटक संपून प्रेक्षागृहातले दिवे लागले की लोक कसे ओशाळून एकमेकांकडे बघतात, तसे. कट्ट्यावरची जोडपी जरा लांब सरकली. शिंपी दुकानातून ओरडत बाहेर आला, "अरे, हा मरून आहे! मी याला काळा म्हणून काय शिवत बसलोय!"

मी तिच्याकडे पाहिलं. त्यासाठीच तर हे सगळं होतं.

तिने शाल ओढली नाही. तोंड फिरवलं नाही. ती खुर्चीतून अर्धी उठली होती, दोन्ही हात चौकटीवर, आणि आई गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं असं हसत होती. "बघितलंत?" ती म्हणाली. "बघितलंत का याला? माफी मागतोय मेला!"

मी म्हटलं, "कोण?"

"कोण काय! तोच." आणि मग तिने तुझं नाव घेतलं. चांगलं दोनदा घेतलं.

मग मला तुमच्या लहानपणची ती गोष्ट कळली, जी इतक्या वर्षांच्या संसारात मला कुणी सांगितली नव्हती. ती रात्री अभ्यासाला बसायची, तू टॉर्चवर गोळ्यांचे रंगीत कागद लावून तिच्या वहीवर उजेड पाडायचास. लाल, हिरवा, पिवळा. ती चिडायची, धपाटा घालायची, तू रुसून माळ्यावर जाऊन बसायचास. आणि समेट करायचा झाला की तोंडाने अक्षर बोलायचं नाही. सगळे कागद काढायचे आणि माळ्यावरून नुसता पांढरा झोत तिच्या वहीवर धरून ठेवायचा, ती वर बघेपर्यंत. "कधी 'चुकलो' म्हणाला नाही हो, जन्मात नाही म्हणाला. फक्त हे." ती भिंतीकडे बोट दाखवत होती.

ते बोट, त्याच्यावरचा नखरंग, तो हसरा चेहरा, सगळं मी त्या उजेडात नीट पाहिलं. तिचे ओठ शाळेतल्या दगडी पाटीच्या रंगाचे होते. काळसर निळे. ओठांभोवतीची कातडीसुद्धा. त्यात शंकेला जागा नव्हती. तू दिवे चांगले लावतोस.

मी म्हटलं, "चल, आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येऊ."

"आत्ता?" ती म्हणाली. "आत्ता कुठे तो बोलायला लागलाय."

मी तिच्याशेजारी उभा राहिलो. भिंत पुन्हा हळूहळू निळी झाली आणि ओठही कुणालाही होतात तसे निळे झाले. मग हिरवे, मग पिवळे. ती खुर्चीत बसली आणि दमून मान मागे टेकली, पण चेहऱ्यावरचं हसू बराच वेळ तसंच राहिलं. मी कुंडी उतरवायला गेलो तर म्हणाली, "राहू दे हो आज."

मी राहू दिलं.

तुला ती टॉर्चची गोष्ट आठवून तू पांढरा लावलास, की मी मागितला म्हणून? कळवू नकोस.

२२ डिसेंबर

प्रिय,

आधी बातम्या. डॉक्टरीणबाईंना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्या सकाळी घरी येऊन गेल्या. सकाळी तुझी ताई झोपून उठलेली, ताजीतवानी असते. तिने त्यांना चहा करून दिला, त्यांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली. त्यांनी तिला तपासलं, माझ्याकडे पाहिलं आणि जिन्यात मला म्हणाल्या, "मशीन आता संध्याकाळी आणि रात्रभर लागलंच पाहिजे. दवाखान्यात आणलंत तर जास्त बरं. रोज उशीर होतोय." मी म्हटलं, ती ऐकत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा ना नीट." मला वाटतं, त्यांना मी वक्ता आहे असं कुणीतरी सांगितलं असावं.

मी नीट सांगितलं. आधी गोडीने, मग रागावून, मग एकदा रडूनही. ते कसं दिसलं ते लिहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लावीन की. तो आला की लावीन."

"कोण आला की?"

"अहो, येतोय तो. रोज सांगतोय. दिसत नाही का तुम्हाला?"

तिचा हिशेब असा आहे की तू माफी मागितलीस, म्हणजे पुढची पायरी येण्याची. म्हणून ती तुझ्यासाठी थांबली आहे. तुझ्या समोर नळी लावायला तिची हरकत नाही, कारण तू तिला लहानपणी गोवरातही पाहिलं आहेस. तोवर सातला ती तोंड धुते, केस विंचरते, इस्त्रीचे कपडे घालते आणि खिडकीत बसते. साडेसाताला पांढरा येतो. रस्त्याला आता त्याची सवय झाली आहे; शिंपी दोरे जुळवायचं काम त्या वेळेपर्यंत मागे ठेवतो, आणि कापड घेऊन आलेली माणसं त्याच्या पायरीवर ताटकळत उभी असतात. जोडपी तेवढ्यापुरती चहाला जातात. खरं दिसतं तो वेळ कुणी कशासाठी वापरतं, कुणी टाळतं.

आणि माझ्याबद्दल. ट्यूबखाली जी शाल ओढते, ती बाई तुझ्या उजेडात तोंड वर करून बसते. तिला लपवायचं सुचतच नाही, कारण तो उजेड तिच्या लेखी तपासायचा नाहीच, तिच्याशी बोलायचा आहे. दिवसातला तिचा सगळ्यात आनंदाचा वेळ तो, आणि मला तिचे ओठ दिसतात तोही तोच. परवापेक्षा काल गडद. कालपेक्षा आज. ती मला म्हणते, "असे माझ्याकडे काय बघताय? तिकडे बघा!" मग मी तिकडे बघतो.

दिवे बंद कर असं तुला लिहायला मी एकदा बसलो होतो. दिवे बंद झाले तर ती म्हणेल, रुसला. चालू राहिले तर ती म्हणते, येतोय. दोन्हीकडून नळी लागत नाही.

तुझं पत्र परवा कॉलेजात मिळालं. तू पुलाच्या कामात आहेस, उद्घाटनाची तारीख ठरली आहे, मधून निघता येत नाही, मार्च लागला की पहिल्या विमानाने येतोस. ताईला सांगा, लिहिलं आहेस. मी तिला सांगितलेलं नाही. पत्र वर्गातल्या टेबलाच्या खणात आहे. तुला दोष देत नाही. काम काय असतं ते मला कळतं, आणि मी तुला ये असं एकदाही सरळ लिहिलं नव्हतं. थट्टेत लिहीत होतो, कारण मला दुसऱ्या कुठल्या आवाजात लिहिता येत नाही.

तर सरळ लिहितो. ती मार्चपर्यंत राहील असं मला वाटत नाही. डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या नाहीत. मी रोज बघतो आहे म्हणून म्हणतो. ती तुझी वाट बघत हसत बसते आणि मी तिच्याशेजारी उभा राहून तिला जाताना बघतो, आणि मला काहीही करता येत नाही. मला फार भीती वाटते रे.